सर्वोत्कृष्ट चित्रपटांच्या समीक्षक-याद्या आणि मराठी चित्रपट

चित्रपटसमीक्षक, अभ्यासक आणि दिग्दर्शक यांचा कौल घेऊन 'आजवरचे सर्वोत्कृष्ट चित्रपट' क्रमवारीने मांडणाऱ्या याद्या विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रसिद्ध होत आल्या आहेत. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने १९५२ पासून दर दहा वर्षांनी घेतलेला कौल ही त्यांतील सर्वाधिक चर्चिली जाणारी यादी होय. भारतात २०२२ साली आंतरराष्ट्रीय चित्रपट समीक्षक महासंघाच्या भारतीय शाखेने, म्हणजेच फिप्रेस्की-इंडियाने, दहा सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटांची यादी जाहीर केली. या यादीत एकही मराठी चित्रपट नाही. भारतीय चित्रपटाचा उगम मुंबईत झाला, आणि राष्ट्रीय पुरस्कारांतील पहिले सुवर्णपदक एका मराठी चित्रपटाला मिळाले. त्यामुळे मराठी चित्रपटाची ही अनुपस्थिती अशा याद्या कशा तयार होतात हे समजून घेण्यासाठी उपयुक्त ठरते.

कौल घेण्याची पद्धत

'साइट अँड साउंड'चा कौल ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट घेते. निमंत्रित समीक्षकाने आपल्या मते श्रेष्ठ असे दहा चित्रपट कळवायचे असतात. त्यांचा क्रम लावला तरी तो मोजणीत धरला जात नाही. प्रत्येक नावाला एक मत मिळते आणि मतांच्या बेरजेवरून यादी तयार होते. दिग्दर्शकांचा स्वतंत्र कौल १९९२ पासून घेतला जातो.

ही पद्धत सोपी असली तरी तिचा परिणाम सहज लक्षात येत नाही. २०१२ च्या कौलात ८४६ जणांनी भाग घेतला. प्रथम क्रमांकावर आलेल्या आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो'ला १९१ मते मिळाली, तर ऑर्सन वेल्स यांच्या 'सिटिझन केन'ला १५७. म्हणजे जगातील सर्वश्रेष्ठ म्हणून गाजलेला चित्रपट मत देणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक समीक्षकांच्या पहिल्या दहांत नव्हता. वृत्तपत्रांनी मात्र समीक्षकांनी एकमुखाने निर्णय दिला असावा अशा थाटाची बातमी दिली. प्रत्यक्षात यादीचा प्रथम क्रमांक अनेकांना थोड्याफार प्रमाणात मान्य असलेला चित्रपट दाखवतो. थोड्या लोकांना जीव की प्राण वाटणारा चित्रपट या पद्धतीत मागेच राहतो.

यादी स्थिरही नसते. १९५२ च्या पहिल्या कौलात व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' प्रथम आला, तेव्हा तो प्रदर्शित होऊन अवघी चार वर्षे झाली होती. 'सिटिझन केन' तेव्हा पहिल्या दहांतही नव्हता. पुढे मात्र १९६२ ते २००२ या पाच कौलांत त्याने प्रथम स्थान सोडले नाही. १९५८ साली प्रदर्शित झालेला 'व्हर्टिगो' पहिल्या दहांत येण्यास १९८२ साल उजाडले. २०२२ मध्ये शांताल आकेरमान यांचा 'ज्यान डिलमन' (१९७५) प्रथम आला. दहा वर्षांपूर्वी हा चित्रपट पस्तिसाव्या क्रमांकाच्या आसपास होता. यावरून मोठा वाद झाला. अमेरिकी पटकथाकार-दिग्दर्शक पॉल श्रेडर यांनी या उडीवर जाहीर टीका केली. दुसऱ्या बाजूने असे सांगण्यात आले की मतदारांची संख्या ८४६ वरून १,६३९ वर गेली होती आणि त्यांत स्त्रिया व युरोप-अमेरिकेबाहेरील समीक्षकांचे प्रमाण वाढले होते. तीन तासांहून अधिक लांबीचा, एका विधवा गृहिणीच्या तीन दिवसांचा हा चित्रपट दहा वर्षांत बदलला नव्हता. मतदार बदलले होते. दिग्दर्शकांच्या कौलात त्याच वर्षी स्टॅन्ली कुब्रिक यांचा '२००१: अ स्पेस ओडिसी' प्रथम आला, म्हणजे एकाच संस्थेने एकाच वर्षी विचारलेल्या एकाच प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे मिळाली.

भारतीय चित्रपटांपैकी सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' या कौलात सातत्याने दिसतो. १९९२ मध्ये तो इतर तीन चित्रपटांसह सहाव्या क्रमांकावर होता. राय यांना त्याच वर्षी मानद ऑस्कर मिळाले होते आणि काही आठवड्यांतच त्यांचे निधन झाले होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. २०१२ मध्ये तो बेचाळिसाव्या, तर २०२२ मध्ये पस्तिसाव्या क्रमांकावर होता. २०२२ च्या पहिल्या शंभरांत हा एकमेव भारतीय चित्रपट आहे.

फिप्रेस्की-इंडियाची यादी

ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालेली ही यादी तीस सदस्यांच्या गुप्त मतदानातून तयार झाली. तिचा क्रम असा: 'पथेर पांचाली' (१९५५), 'मेघे ढाका तारा' (१९६०), 'भुवन शोम' (१९६९), 'एलिप्पथायम' (१९८१), 'घटश्राद्ध' (१९७७), 'गर्म हवा' (१९७३), 'चारुलता' (१९६४), 'अंकुर' (१९७४), 'प्यासा' (१९५७) आणि 'शोले' (१९७५).

भाषावार पाहता यांत पाच हिंदी-उर्दू, तीन बंगाली, एक मल्याळम व एक कन्नड चित्रपट आहे. मराठी, तमिळ व तेलुगू यांपैकी एकही नाही. तथापि भाषेइतकीच लक्षणीय बाब वर्षांची आहे. भारतीय कथापटाचा इतिहास १९१३ पासूनचा आहे, पण यादीतील सर्व चित्रपट १९५५ ते १९८१ या सव्वीस वर्षांच्या पट्ट्यात बसतात. मूकपटांचा आणि प्रभात, न्यू थिएटर्स, बॉम्बे टॉकीज यांच्या बोलपटांचा काळ यादीबाहेर आहे, आणि १९८१ नंतरची चार दशकेही बाहेरच आहेत. दहांपैकी सहा चित्रपट १९६९ ते १९८१ या काळातील आहेत. हाच काळ फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर निर्माण झालेल्या नव्या चित्रपटांचा आणि चित्रपट मंडळांच्या भरभराटीचा होता. समीक्षकांच्या एका पिढीची दृष्टी ज्या चित्रपटांनी घडवली, तेच चित्रपट त्या पिढीने व तिच्या विद्यार्थ्यांनी यादीत आणले, असे अनुमान यावरून काढता येते.

'शोले'चे दहावे स्थान तुलनेसाठी उपयोगी आहे. २००२ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने दहा सर्वोत्तम भारतीय चित्रपटांचा कौल घेतला, तेव्हा 'शोले' प्रथम आला होता. २००५ मध्ये पन्नासाव्या फिल्मफेअर सोहळ्यात त्याला पन्नास वर्षांतील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून गौरवण्यात आले. त्याच वर्षी अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकाच्या रिचर्ड कॉर्लिस व रिचर्ड शिकेल या दोनच समीक्षकांनी क्रम न लावता शंभर चित्रपट निवडले. त्यात भारतातून 'अपू चित्रत्रयी', 'प्यासा' आणि मणिरत्नम यांचा 'नायकन' होते. 'शोले' नव्हता.

'संत तुकाराम' आणि व्हेनिस

मराठी चित्रपटांच्या जागतिक मान्यतेची चर्चा बहुधा 'संत तुकाराम'पासून सुरू होते. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनी प्रभात फिल्म कंपनीसाठी पुण्यात निर्माण केलेला हा चित्रपट १९३६ साली प्रदर्शित झाला. तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस आणि जिजाईच्या भूमिकेत गौरी होत्या. मुंबईत एकाच चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याचा विशेष उल्लेख झाला. आंतरराष्ट्रीय महोत्सवात असा सन्मान मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय चित्रपटांत त्याची गणना होते.

'जगातील तीन सर्वोत्कृष्ट चित्रपटांपैकी एक' असे वर्णन मराठी लेखनात या सन्मानाच्या आधारे वारंवार केले जाते. हे वर्णन जपून वापरले पाहिजे. व्हेनिसच्या परीक्षकांसमोर त्या वर्षी महोत्सवात आलेलेच चित्रपट होते, आणि सर्वोत्कृष्ट परदेशी चित्रपटाचा पुरस्कार जुलियाँ दुविव्हिए यांच्या 'अँ कार्ने द बाल' या फ्रेंच चित्रपटाला मिळाला. महोत्सवाचा पुरस्कार एका वर्षापुरता आणि एका मंडळाचा असतो, तर समीक्षक-यादी सर्वकाळाचा दावा करते. दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे. 'संत तुकाराम'चे मोल ठरवायला हा वाढवून सांगितलेला किताब लागतही नाही.

त्याचे मोल पुढे अभ्यासकांनी वेगळ्या वाटेने मांडले. कुमार शहानी यांनी प्रभातच्या संतपटांवर लिहिले. कलासमीक्षक गीता कपूर यांनी १९८० च्या दशकात भारतीय चित्रपटातील पुराणसामग्रीविषयीच्या विवेचनात 'संत तुकाराम'चा सविस्तर विचार केला. या चित्रपटात चमत्कार आहेत आणि ते घडतात तेव्हा साध्या युक्तीनेच दाखवले आहेत. पण त्यांच्या शेजारीच जिजाईची चूल, उपाशी मुले आणि तिची खणखणीत बोली आहे. देवाने दिलेल्या संपत्तीपेक्षा घरातल्या रिकाम्या मडक्याचे दुःख खरे वाटावे, अशी ही रचना आहे. इतकी दाद असूनही अखिल भारतीय दहांच्या यादीत त्याला जागा मिळत नाही. अर्थात ही यादी १९५५ पूर्वी गेलीच नाही, हे वर आलेच आहे.

'श्यामची आई' आणि 'दो बिघा जमीन'

समकालीन निवाडा आणि नंतर स्थिरावलेली कीर्ती यांतील अंतर दाखवणारे याहून नेमके उदाहरण १९५३ सालचे आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ मध्ये प्रथमच देण्यात आले. सर्वोत्कृष्ट कथापटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक प्रल्हाद केशव अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले. साने गुरुजींच्या पुस्तकावर आधारित या चित्रपटात वनमाला आणि बालकलाकार माधव वझे यांच्या प्रमुख भूमिका होत्या. त्याच पुरस्कारांत बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'ला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले, म्हणजे तो 'श्यामची आई'च्या खाली राहिला.

आज महाराष्ट्राबाहेर प्रसिद्ध होणाऱ्या भारतीय चित्रपटांच्या इतिहासांत आणि याद्यांत 'दो बिघा जमीन' हमखास भेटतो. 'श्यामची आई' मुख्यतः पहिल्या सुवर्णपदकाच्या नोंदीत भेटतो. यामागे गुणवत्तेचा वाद असू शकतो, आणि अनेक समीक्षक 'दो बिघा जमीन' हाच अधिक सशक्त चित्रपट मानतील. पण गुणवत्तेखेरीज इतर कारणेही उघड आहेत. बिमल रॉय यांच्या चित्रपटाला १९५४ मध्ये कान येथे पुरस्कार मिळाला. त्याची भाषा हिंदी होती. इटालियन नववास्तववादाशी त्याचे नाते जोडता येत होते. 'बायसिकल थीव्ज' १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला होता. त्याच वर्षी 'साइट अँड साउंड'च्या कौलात तो प्रथम आला. म्हणजे 'दो बिघा जमीन' जगभरच्या समीक्षकांना आधीच परिचित असलेल्या वर्गात बसत होता. 'श्यामची आई'चे नाते साने गुरुजींच्या गद्याशी, कोकणातील गरीब ब्राह्मण घराशी आणि मराठी शाळेत पाठ होणाऱ्या आठवणींशी होते. ते नाते उपशीर्षकांतून परक्या प्रेक्षकापर्यंत पोहोचवणे कठीण असते.

'श्यामची आई'नंतर राष्ट्रीय सुवर्णकमळ मराठी चित्रपटाला मिळण्यास अर्धे शतक लागले. संदीप सावंत यांच्या 'श्वास'ने ते ५१ व्या पुरस्कारांत मिळवले. नंतर उमेश कुलकर्णी यांचा 'देऊळ' (५९ वे पुरस्कार, 'ब्यारी' या चित्रपटासह विभागून), चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (६२ वे) आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'कासव' (६४ वे) हे चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरले.

पाहण्याची सोय

जो चित्रपट पाहता येत नाही त्याला मत देता येत नाही. ही बाब उघड असली तरी याद्यांच्या चर्चेत ती सहसा दुर्लक्षित राहते. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. आज त्याचा काही भागच शिल्लक आहे. बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' (१९२५) हा मूकपट भारतीय वास्तववादाचा आरंभ मानला जातो. कर्जात जमीन गमावून शहराकडे जाणाऱ्या शेतकऱ्याची ही कथा असून तरुण व्ही. शांताराम यांनी त्यात भूमिका केली होती. तो मूकपट आज उपलब्ध नाही. 'दो बिघा जमीन'च्या अठ्ठावीस वर्षे आधीच्या या चित्रपटाचे स्थान कोणते, हे आता कोणत्याही कौलाने ठरणार नाही.

पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. त्याचे पहिले क्युरेटर पी. के. नायर यांनी प्रभातसह अनेक कंपन्यांच्या फिती मिळवून जपल्या. तोवर पुष्कळ मूकपट नष्ट झाले होते. २००३ मध्ये पुण्यातच ज्वालाग्राही नायट्रेट फितींच्या साठ्याला लागलेल्या आगीतही मोठी हानी झाली. 'पथेर पांचाली'च्या मूळ निगेटिव्हलाही १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत आग लागली होती. पण त्यातून वाचलेल्या भागांवर काम करून २०१५ मध्ये त्याची नवी, स्वच्छ प्रत तयार झाली आणि ती जगभर दाखवली गेली. गिरीश कासारवल्ली यांचा 'घटश्राद्ध'ही पुनःसंस्कारित होऊन २०२४ मध्ये व्हेनिसला दाखवण्यात आला. ज्या चित्रपटाच्या अशा प्रती तयार होतात त्याला पुढच्या कौलात नवे मतदार मिळतात.

प्रेक्षकाच्या बाजूनेही हाच प्रश्न होता. कोलकात्यात १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आदींनी चित्रपट मंडळ सुरू केले. १९५९ मध्ये चित्रपट मंडळांचा महासंघ स्थापन झाला. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ निघाले. या मंडळाने 'वास्तव रूपवाणी' हे मराठी नियतकालिक चालवले आणि पुढे 'थर्ड आय' हा आशियाई चित्रपटांचा महोत्सव सुरू केला. दूरचित्रवाणीवर मोजके चित्रपट दिसत आणि घरी चित्रफिती मिळत नसत, अशा काळात मुलुंड किंवा बोरिवलीच्या प्रेक्षकाला कुरोसावा किंवा बर्गमन पाहायचा तर असे मंडळ हाच मार्ग होता. रविवारी सकाळी लोकलने शहरात जाणे ओघाने आलेच. मराठीतील चित्रपटसमीक्षेची भाषा बऱ्याच अंशी या मंडळांतील चर्चांतून घडली. अरुण खोपकर यांचे गुरुदत्त यांच्यावरील 'गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका' हे पुस्तक त्या समीक्षेच्या प्रौढत्वाची साक्ष देते, आणि 'प्यासा'चा विचार करताना ते आजही टाळता येत नाही. यातील विसंगती अशी की मराठी समीक्षकांनी बंगाली, हिंदी व जपानी चित्रपटांची उत्तम मीमांसा मराठीत केली, पण मराठी चित्रपटांची तशी मीमांसा इतर भाषांत फारशी पोहोचली नाही.

मराठीच्या अनुपस्थितीची कारणे

पहिले कारण मतविभागणीचे आहे. समजा, दहा मतदारांना यादीत एखादा मराठी चित्रपट असावा असे वाटते. त्यांपैकी तिघांनी 'संत तुकाराम', तिघांनी जब्बार पटेल यांचा 'सामना' (१९७४), दोघांनी 'कोर्ट' आणि दोघांनी नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' लिहिला, तर दहाही मते वाया जातात. एका भाषेतून सर्वमान्य असे एक-दोन चित्रपट पुढे आलेले असतील तर हीच मते एकवटतात. मल्याळमसाठी 'एलिप्पथायम' आणि कन्नडसाठी 'घटश्राद्ध' यांनी हे काम केलेले दिसते. मराठीत असा एक चित्रपट ठरलेला नाही. याला उणीव मानावे की समृद्धी, याविषयी मतभेद आहेत. मात्र राय यांच्या चाहत्यांची मतेही अनेक चित्रपटांत विभागली गेली असतील, तरीही त्यांचे दोन चित्रपट यादीत आले. त्यामुळे केवळ मतविभागणीने सर्व उलगडा होत नाही.

दुसरे कारण रंगभूमीशी असलेल्या नात्यात शोधले जाते. 'सामना' आणि 'सिंहासन' (१९७९) यांच्या पटकथा विजय तेंडुलकरांच्या आहेत आणि दोन्ही चित्रपट निळू फुले, श्रीराम लागू यांच्यासारख्या नटांच्या बळावर उभे आहेत. 'सामना' १९७५ मध्ये बर्लिनच्या स्पर्धा विभागात होता. साखरसम्राट हिंदुराव आणि दारुडा मास्तर यांच्या संघर्षातील बहुतेक ताकद संवादांत आहे, आणि नव्या चित्रपटाचे तेव्हाचे समीक्षक संवादापेक्षा दृश्यप्रतिमेला अधिक मान देत. या निकषावर मराठी चित्रपट 'नाटकी' ठरले. हा निकष एकांगी आहे, कारण 'गर्म हवा'चे सामर्थ्यही बलराज साहनींच्या अभिनयात आणि संवादांच्या संयमात आहे.

तिसरे कारण संस्थात्मक आहे आणि ते बहुधा सर्वांत वजनदार ठरावे. पुण्याची चित्रपट संस्था १९६० मध्ये प्रभातच्याच जागेत सुरू झाली. अडूर गोपालकृष्णन आणि कासारवल्ली हे दोघेही तिथलेच विद्यार्थी. म्हणजे यादीतील दोन चित्रपटांचे दिग्दर्शक ज्या आवारात शिकले तिथेच 'संत तुकाराम' चित्रित झाला होता. संस्थेतून बाहेर पडलेल्या दिग्दर्शकांनी आपापल्या भाषांत नवा चित्रपट उभा केला. महाराष्ट्रात मात्र हिंदी चित्रपटसृष्टी दाराशीच असल्याने पैसा, तंत्रज्ञ आणि नट यांचा ओघ तिकडे राहिला. स्मिता पाटील यांची कारकीर्द याचे ठळक उदाहरण होय. 'जैत रे जैत' (१९७७) आणि 'उंबरठा' (१९८२) यांतील त्यांची कामे मराठीत नावाजली गेली, पण देशभर त्या ओळखल्या गेल्या त्या प्रामुख्याने हिंदी चित्रपटांमुळे.

२०१० नंतरची स्थिती

गेल्या दशकातील मराठी चित्रपटांनी महोत्सवांत ठळक कामगिरी केली. 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिसच्या ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणाचा असे दोन पुरस्कार मिळाले. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला बर्लिनमध्ये बालपरीक्षकांचे पारितोषिक मिळाले. ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'ने २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत पटकथेचा पुरस्कार मिळवला, तसेच फिप्रेस्कीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षकांचाही पुरस्कार मिळवला. दोनच वर्षांनी त्याच महासंघाच्या भारतीय शाखेच्या सर्वकालीन यादीत मात्र त्याला स्थान नव्हते. दोन वर्षांच्या चित्रपटाला सर्वकालीन म्हणण्यास मतदार कचरतात, हे त्याचे एक समंजस कारण आहे. १९५२ च्या मतदारांना 'बायसिकल थीव्ज'बाबत तसा संकोच वाटला नव्हता.

लोकप्रियतेच्या अंगाने मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) हा शंभर कोटी रुपयांहून अधिक कमाई करणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. त्याआधी बर्लिन महोत्सवाच्या युवा विभागात तो दाखवला गेला होता. 'शोले'प्रमाणे गर्दी आणि समीक्षा या दोन्ही बाजूंनी मते मिळू शकतील असा मराठी चित्रपट म्हणून त्याचे नाव घेतले जाते. प्रेक्षकांनी संकेतस्थळांवर दिलेल्या गुणांच्या याद्या वेगळ्या तत्त्वावर चालतात. तिथे निमंत्रणाची अट नसते, पण अलीकडच्या आणि सहज उपलब्ध चित्रपटांकडे कल अधिक असतो. 'साइट अँड साउंड'चा पुढील कौल नेहमीच्या क्रमाने २०३२ मध्ये अपेक्षित आहे.